परतीच्या वाटेची हुंडणावळ

सुरतेहून आग्र्यास जाणारा माल आणि माणूस सतराव्या शतकात ज्या वाटांनी जाई, त्यांपैकी एका मोठ्या वाटेवर तापीकाठचे आमचे बुऱ्हाणपूर वसलेले आहे, आणि या वाटेच्या वाट्याला शांततेची वर्षे फार थोडी आली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे पोहोचला, तेव्हा शाहजादा परवेझ दख्खनच्या मोहिमेसाठी येथे तळ देऊन होता. पुढे पंधरा वर्षांनी शाहजहान बादशहाची छावणी याच शहरात पडली, १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महलचे देहावसान येथेच झाले, आणि त्याच सुमारास पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी दुष्काळाने उजाड झालेल्या आणि फौजांनी तुडवलेल्या मुलखातून सुरतेहून आग्र्याकडे गेला. अशाही काळात काफिले चालत राहिले, कारण त्या व्यवहारात धोक्याचे मोल उघडपणे ठरलेले असे. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, सुरतेत फेडावयाच्या हुंडीवर बुऱ्हाणपुरास शेकडा अडीच ते तीन रुपये हुंडणावळ पडे, आणि वाटेवरचे राजे रस्ता अडवू लागले की हुंडणावळ शेकड्यामागे एखाददुसऱ्या रुपयाने चढे. हा दर त्या काळच्या परकीय व्यापाऱ्यास जबर वाटे. परंतु वाटेत माल लुटला गेला तर सावकाराचा पैसाही बुडत असे, म्हणून तो दर जबर असणेच रास्त होते.

यात्रा आणि सहली नेणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, धोक्याचे असे मोल आज आपल्या व्यवसायात कोठेच मांडलेले दिसत नाही. करबला, नजफ आणि मशहद येथील झियारतींना, येमेनमधील हराजच्या डोंगरातील बोहरा समाजाच्या पवित्र स्थानांना, अथवा ख्रिस्ती बांधवांच्या पवित्र भूमीला जाणारी मंडळी आपणांकडे बयाणा भरतात, तेव्हा त्यांच्या हाती प्रवासी विम्याचा जो कागद पडतो, त्यातील अपवादांच्या फर्दीत युद्ध, स्वारी आणि अंतर्गत बंडाळी यांमुळे होणारे नुकसान बहुधा वगळलेले असते. म्हणजे ज्या एका संकटासाठी यात्रेकरूला आधार हवा, नेमक्या त्याच संकटात तो कागद निरुपयोगी ठरतो आणि सारी जोखीम, कोणी मान्य करो वा न करो, यात्रेकरूच्या आणि यात्रा नेणाऱ्याच्या शिरावर येते. ती जोखीम आपली आहे, हे आपण आधी स्पष्टपणे कबूल केले पाहिजे.

गेल्या पस्तीस वर्षांत युद्धाच्या मुलखांतून आपली माणसे कोणत्या मार्गांनी परतली, हे ध्यानपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट दिसते, आणि तिच्याकडे आमच्या व्यवसायाने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांची सुटका जॉर्डनमधील अम्मान शहरातून झाली, आणि तेथवरचा रस्ता इराकच्या वाळवंटातून गेलेला होता. २०१५ साली येमेनमध्ये एडनहून आपल्या नौदलाच्या ‘सुमित्रा’ या जहाजाने लोकांना समुद्रापलीकडे जिबूतीस नेले. २०२२ मध्ये युक्रेनमधले विद्यार्थी पोलंड, रुमेनिया, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्या सीमांवरून बाहेर पडले, तर २०२३ मध्ये सुदानहून परतणारांना पोर्ट सुदान गाठून तेथून जेद्दास जावे लागले. १३ जून २०२५ रोजी इस्राएलने इराणवर हल्ला केला आणि त्याच दिवशी इराणचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. उर्मियातील आपले विद्यार्थी भूमार्गाने आर्मेनियात गेले आणि येरेवानहून दिल्लीस आले, आणि मशहदहून खास विमाने सुटण्यास त्यानंतरही काही दिवस लागले. यांपैकी बहुतेक प्रसंगी ज्या विमानतळावर माणूस उतरला होता, त्या विमानतळाचा परतीसाठी त्याला प्रायः काहीच उपयोग झाला नाही. आपल्या यात्रापत्रकांत मात्र परतीचे म्हणून तेच विमान, तीच तारीख आणि तोच तळ छापलेला असतो.

म्हणून यात्रेची आखणी करताना दुसरी वाट कोणती, तिच्यासाठी कोणत्या शेजारी देशाचा व्हिसा लागेल, सीमेपर्यंत बस कोण देईल आणि सीमेपलीकडे उतरण्याची सोय कोण करील, हे जाण्यापूर्वीच कागदावर आले पाहिजे. केवळ नकाशावर दुसरी रेघ ओढून भागत नाही. ज्या दोन राजांच्या मुलखांतून आग्रा-अहमदाबाद मार्ग जाई, त्यांचा मुलूख टाळावयाचा असल्यास सिरोंज-बुऱ्हाणपूरवरून सुरतेस जाता येते, असे तावेर्निये सांगतो. पण लगेच हेही सांगतो की, या बाजूच्या बहुतेक नद्यांवर ना पूल ना नावा, त्यामुळे पावसाळा सरून दोन महिने होईतो ही वाट चालत नाही. दुसरी वाट कोणत्या ऋतूत, कोणत्या वयाच्या माणसांना चालेल, याची चौकशी तिच्या असण्याइतकीच महत्त्वाची आहे.

वयाचा हा मुद्दा आम्हांस विशेष कळकळीने मांडावासा वाटतो. २ मार्च २०२२ रोजी खारकीव्हमधील भारतीयांना आपल्या वकिलातीने संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडण्यास सांगितले, आणि ज्यांना वाहन वा आगगाडी मिळणार नाही त्यांनी पायी निघावे असे सुचविले. त्यांसाठी सुचविलेल्या गावांतील सर्वांत जवळचे पेसोचिन ११ किलोमीटरांवर होते. ती मुले विशीतली होती. आपल्या झियारतीच्या किंवा तीर्थयात्रेच्या मंडळीत साठी उलटलेली, मधुमेहाची, गुडघे दुखणारी माणसे किती असतात, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांपैकी कितीजण थंडीत, हातात सामान घेऊन ११ किलोमीटर चालू शकतील, हा प्रश्न यात्रा ठरवताना विचारला गेलाच पाहिजे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर चाकांच्या खुर्च्या, औषधांचा निदान तीन आठवड्यांचा साठा आणि विश्वासाचा स्थानिक वाहनवाला यांची तजवीज आधी झाली पाहिजे. इराणसारख्या देशात आपल्या बँकांची कार्डे चालत नाहीत, तेव्हा आणीबाणीची रोकड एकाच माणसाच्या कमरेला न बांधता चौघांत विभागावी. पासपोर्ट एकत्र गोळा करून हॉटेलात वा संयोजकाच्या पेटीत ठेवण्याची चाल आपणांकडे सोयीसाठी रूढ झाली आहे. ज्या मुलखात दंगलीची कुणकुण आहे, तेथे प्रत्येकाचा पासपोर्ट रात्री त्याच्याच उशाशी असला पाहिजे. वकिलातीत नावनिशीची यादी उतरल्या दिवशीच द्यावी, आणि तिची एक प्रत घरच्या दफ्तरात ठेवावी.

परंतु या साऱ्या बंदोबस्तापेक्षा अवघड गोष्ट आहे ती वेळीच न जाण्याचा किंवा वेळीच परतण्याचा निर्णय. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानात निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी, आणि महूजवळ शिपायांकडून बंडाची खबर लागली तरी मागे न फिरता ते पुढेच गेले. पुढे झाशीचा वेढा आणि लुटालूट त्यांनी कशी सोसली, हे ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्या मराठी माणसास सांगावयास नको. कर्ज पाठीशी असलेल्या माणसाचे पाऊल मागे वळत नाही. युक्रेनमधील वकिलातीने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी, ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तूर्त देश सोडावा असे सुचविले, आणि २४ तारखेस आकाश बंद झाले. मधल्या नऊ दिवसांत हजारो मुले तेथेच राहिली, कारण वर्ग चालू होते, फी भरलेली होती आणि विमानाचे भाडे चढले होते. आमच्या व्यवसायात हे कर्ज बयाण्याच्या रूपाने येते. विमानाची आणि हॉटेलांची रक्कम आगाऊ भरून बसलेला संयोजक परराष्ट्र खात्याची सूचना वाचतो, तेव्हा तो ती निर्लेप मनाने वाचू शकत नाही, आणि यात याच्या किंवा त्याच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही. तिऱ्हाइतास दिलेला पैसा परत मिळण्याची हमी नसेल तर कोणाचाही विवेक डळमळेल.

यावर आमची सूचना अशी की, ज्या देशाविषयी सरकारी सावधगिरीची सूचना चालू आहे अथवा निघण्याचा संभव आहे, तेथील यात्रेच्या दरात जोखमीची रक्कम निराळ्या कलमाखाली उघडपणे आकारावी, ती वेगळ्या खात्यात ठेवावी, दुसऱ्या वाटेने परतण्याच्या खर्चाखेरीज तिला हात लावू नये आणि यात्रा सुखरूप पार पडल्यास ती यात्रेकरूस परत द्यावी. विमान कंपन्यांशी आणि तेथील हॉटेलवाल्यांशी करारमदार करताना, सरकारी सूचना निघाल्यास रक्कम पुढील तारखेस वळविण्याची अट आधीच घालून घ्यावी. एकट्या संयोजकास ती मिळणे कठीण आहे, परंतु खानदेश, निमाड आणि विदर्भातील संयोजक एकत्र येऊन मागतील तर मिळू शकेल. यात्रा थांबविण्याचा अधिकार ज्याचा पैसा गुंतलेला नाही अशा एका व्यक्तीकडे लेखी सोपवावा. दर यामुळे वाढतील आणि शेजारचा संयोजक स्वस्तात नेतो म्हणून काही गिऱ्हाइके तिकडे जातीलही. ते नुकसान सोसण्याची तयारी असलेल्या व्यवसायबंधूंनी आपापल्या कराराचे मसुदे आमच्याकडे पाठवावेत. पुढील हंगामाचे बयाणे घेण्यास आरंभ होण्यापूर्वी त्यांतून एक सामाईक नमुना तयार करून या मासिकात छापण्याचे आम्ही ठरविले आहे.