थुंकी नव्हे, बेडका!

क्षयरोगाच्या निदानाचा प्रारंभ एका लहानशा डबीपासून होतो. ती रुग्णाच्या हाती देऊन ‘थुंकी आणा’ असे फर्माविले जाते आणि रुग्ण आज्ञाधारकपणे थुंकीच आणतो. दोष त्याचा नाही, शब्दाचा आहे. थुंकी तोंडात तयार होते; क्षयाचे जंतू सापडावयाचे ते छातीतून खोकून काढलेल्या घट्ट बेडक्यात. डबीत नुसती लाळच गेली, तर पुढचे यंत्र कितीही मोलाचे असो, ते शोधणार काय?

रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली हा जंतू जगाला दाखविला. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसण्यास एक मिलीलिटर बेडक्यात सुमारे 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात. नव्या जनुकीय चाचणीस त्याहून पुष्कळच थोडे पुरतात. पण नमुना मात्र तिलाही चांगलाच हवा.

रावळपिंडीच्या एका क्षयकेंद्रात झालेला प्रयोग 2007 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बेडका कसा काढावा हे ज्या स्त्रियांना नीट समजाविले, त्यांच्यापैकी शेकडा 13 जणींच्या नमुन्यात जंतू सापडले. ज्यांना समजाविले नव्हते, त्यांच्यात शेकडा 8. पुरुषांत असा फरक आढळला नाही. चारचौघांत खाकरणे असभ्य, हे जिला जन्मभर शिकविले, ती सांगितल्यावाचून खोल खोकणार कशी? चाचणी ‘निर्दोष’ ठरते, बाई घरी परतते आणि तिच्या खोकल्यासरशी रोग घरभर पसरत राहतो.

वस्तुतः सांगावयाचे ते थोडेच आहे. चूळ भरावी, दोनतीनदा दीर्घ श्वास घेऊन क्षणभर रोखावा आणि छातीच्या तळापासून खोकून बेडका सरळ डबीत घ्यावा. एक नमुना पहाटे उठल्याबरोबरचा असावा. हे सारे मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर करावे. कोंदट खोलीत किंवा शौचालयात नव्हे.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. क्षयनिर्मूलनासाठी देशाने ठरविलेले 2025 साल उलटून गेले, रोग मात्र हटला नाही. अशा वेळी प्रत्येक केंद्रात समजावून सांगणारा एक माणूस, आडोशाची एक उघडी जागा आणि लाळेचा नमुना परत करून दुसरा मागण्याची दक्षता, एवढी आमची मागणी अवास्तव खचित नाही. सुशिक्षितांचेही कर्तव्य आहे. घरी कामास येणाऱ्या बाईचा, किंवा स्वतःचाही, खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर तपासणीस विलंब नको. आणि सरकारी फलकांवरील ‘थुंकी’ पुसून तेथे ‘बेडका’ लिहावे. शब्द ओंगळ वाटेल. पण तो खरा आहे.