सरकारी आवारातील देव

चवथीचे दिवस आले, की गोमंतकात काय किंवा आमच्या सीमाभागात काय, कोठे पोलीस ठाण्यात तर कोठे एखाद्या कचेरीच्या ओसरीवर मखर उभे राहते. भिंतीवर राजमुद्रा, खाली मूर्ती, आणि वर्गणीची यादी साहेबांच्या टेबलावर! यात वावगे ते काय, असे विचारणाऱ्यांची श्रद्धा आम्ही खोटी मानीत नाही. पोर्तुगीजांनी ज्या देवांना हाकलले, ते आता स्वराज्याच्या कचेरीत सन्मानाने बसले तर बिघडले कोठे, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालाचे उत्तर पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या इतिहासातच आहे. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजातींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि 1560 पासून धर्मसमीक्षण सभेचा अंमल सुरू झाला. त्या काळी दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे गावी आश्रय घ्यावा लागला. तेथील देवालय शिवछत्रपतींनी 1668 साली पुन्हा बांधविले. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेली ती 1781-82 च्या सुमारास आणि पेडणे 1788 साली. तोवर त्या राजवटीचा धर्मज्वर उतरू लागला होता व रयतेच्या देवळांना हात न लावण्याचे अभिवचन देणे तिला भाग पडले होते. पेडण्याची पुनव आणि डिचोलीचा नवा सोमवार टिकले ते सरकारने त्यांची आरास केली म्हणून नव्हे, सरकारचा हात तेथवर पोहोचला नाही म्हणून.

सरकारला धर्म असला म्हणजे काय होते, हे गोमंतकाने जितके भोगले तितके भारतात फार थोड्यांनी भोगले असेल. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर 1911 च्या कायद्याने राज्य व चर्च यांची फारकत झाली आणि जुन्या काबिजातींतील हिंदूंनीही मोकळा श्वास घेतला. तो कायदा हिंदूंच्या कैवाराने झाला नव्हता. राज्याने कोणाचाच देव खांद्यावर घेऊ नये एवढाच त्याचा अर्थ होता आणि तेवढा अर्थ पुरेसा ठरला.

सरकारने उत्सवाकडे पाठ फिरवावी, असे आम्ही म्हणत नाही. नार्व्याचे देवालय हा वारसा आहे. राज्य सरकारने त्याचा जीर्णोद्धार करून 2023 साली ते खुले केले, हे योग्यच झाले. जुन्या गोव्यात 2024-25 मध्ये शवप्रदर्शन भरले, तेव्हा यात्रेकरूंसाठी रस्ते व पाणी पुरविणे हेही सरकारचेच काम होते. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराईच्या जत्रेत मे 2025 मध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. सरकारची खरी गरज असते ती तेथे, त्या गर्दीत. पोलिसाने मखर सजवावे की वाट मोकळी ठेवावी, हे शिरगावकरांना विचारावे.

राज्यघटनेचे 27 वे कलम एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती नागरिकावर होऊ देत नाही. कचेरीतील उत्सव वर्गणीचा असतो, असे सांगितले जाते. परंतु ज्याचा दाखला अडला आहे आणि ज्याची बदली साहेबांच्या हाती आहे, त्याने दिलेली वर्गणी कितपत स्वेच्छेची? उद्या त्याच ओसरीवर नाताळात येशूजन्माचा देखावा किंवा ईदेची रोषणाई कोणी मागितली, तर नाही म्हणण्याचे तोंड त्या साहेबांना उरणार नाही. हुबळीच्या ईदगाह मैदानाचा वाद ऑगस्ट 2022 मध्ये रात्री उच्च न्यायालयापुढे चालला, तो आमच्या वाचकांना ठाऊक आहे. ते निदान महापालिकेचे मैदान होते. मैदान नियमाने सर्वांना पाळीपाळीने देता येते, कचेरीचे तसे नाही.

आमच्या चळवळीला या प्रश्नाचे आणखी एक कारण आहे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात पेडणे व डिचोली यांनी विलीनीकरणाला भरभरून मते दिली, तरी एकंदर गोमंतकात 34,021 मतांनी विलीनीकरण हरले. मोठ्या महाराष्ट्रात आपल्या धर्माचे काय होईल, ही भीती ख्रिस्ती बांधवांना विरोधकांनी घातली होती. आमची मागणी भाषेची होती आणि आजही सीमाभागात ती भाषेचीच आहे. मराठी बोलणारा ख्रिस्ती आणि मराठी बोलणारा मुसलमान तिच्यात तितकाच हक्काने उभा आहे. मराठी माणसाच्या हाती कचेरी आली की तिच्या दारात त्याचाच देव बसतो, असे एकदा दिसले की ती जुनी भीती खरी ठरविण्याचे काम आपणच केले असे होईल.

डिसेंबर 2020 मध्ये बेळगाव महापालिकेच्या आवारात लाल-पिवळा ध्वज लावण्यात आला, तेव्हा सार्वजनिक आवार एका गटाचे नव्हे, असे आपण सर्वांनी ठणकावून सांगितले. तो मुद्दा आम्ही सोडलेला नाही. म्हणूनच तो आपल्याला सोयीच्या ठिकाणीही लागू केला पाहिजे. लोकमान्यांनी उभा केलेला सार्वजनिक गणपती चौकातला होता, लोकांच्या पैशाचा होता, आणि सरकारच्या डोळ्यात सलत होता. त्याला कचेरीत नेऊन बसविण्याची घाई ज्यांना झाली आहे, त्यांनी आपल्या गल्लीच्या मंडळात पावती फाडावी; तेथे अजून कार्यकर्ते कमी पडतात.