लाल दिवा लागला, पण रेकॉर्डिंग कुठे आहे?

चालू टीव्ही मध्येच थांबवायचा, नमाज पढून यायचे आणि जिथे थांबवला होता तिथून पुढे पाहायचा. टाटा स्कायने २००८ साली ‘प्लस’ नावाचा डबा बाजारात आणला, तेव्हा आपल्या घरांतून सर्वांत आधी याच सोयीची चर्चा झाली. संध्याकाळच्या बातम्या आणि मगरिब, रात्रीच्या मालिका आणि इशा यांची गाठ रोजच पडते. या डब्यात संगणकात असते तशी हार्ड डिस्क असते. तिच्यात साधारण ४५ तासांचे कार्यक्रम मावत. सुरुवातीला किंमत नऊ हजारांच्या घरात होती. पुढे इतर कंपन्यांनीही असे डबे काढले, दर खाली आले, आणि रत्नागिरीतही ते काही घरांतून दिसू लागले.

गेल्या काही महिन्यांत राजिवड्यापासून उद्यमनगरपर्यंत ओळखीच्या सहा-सात घरांत आम्ही मुद्दाम विचारले, डबा कसा वाटतो? पुरुषांचे उत्तर एकच, “मस्त आहे.” दिवसभर तो डबा ज्यांच्या हाती असतो त्या बायकांचे उत्तर वेगळे होते. ते हळू आवाजात यायचे आणि त्याची सुरुवात ठरलेली असायची, “माझंच काही तरी चुकत असेल, पण...”

त्या ‘पण’च्या पुढचे ऐकून घेण्यासारखे आहे. वर्गात एखाद्या प्रश्नाला दोन मुले चुकली तर त्यांना तो धडा पुन्हा समजावावा लागतो. पस्तीस मुले एकाच ठिकाणी चुकली तर आम्ही प्रश्नपत्रिका उघडून प्रश्न नीट वाचतो. इथे एकमेकींना न ओळखणाऱ्या बाया एकाच ठिकाणी ‘चुकत’ होत्या.

सर्वांत जास्त ऐकू आलेली तक्रार कार्यक्रमाचा शेवट कापला जाण्याची. ‘आम्ही सारे खवय्ये’ रेकॉर्ड करायला लावले, दुपारची कामे उरकून पाहायला बसले, आणि पदार्थ ताटलीत काढायच्या आतच पडदा काळा. मालिकेचे तेच. आज कोण दारात उभे आहे ते कळायच्या क्षणाला रेकॉर्डिंग संपते आणि सुरुवातीला मात्र आधीच्या कार्यक्रमाच्या जाहिराती दोन मिनिटे पाहाव्या लागतात. कारण साधे आहे. डबा कार्यक्रम ओळखत नाही, तो वेळापत्रक ओळखतो. वाहिनीने आधी कळवलेली वेळ साडेआठ ते नऊ असेल तर डबा साडेआठला सुरू होणार आणि नवाला थांबणार. मधल्या जाहिराती लांबल्या आणि कार्यक्रम नऊ वाजून चार मिनिटांनी संपला, तर ती चार मिनिटे त्याच्या लेखी नाहीतच. अमेरिकेत टिवो नावाचा असाच डबा १९९९ साली निघाला. तिथल्या लोकांनाही हाच अनुभव आला, म्हणून रेकॉर्डिंग काही मिनिटे आधी सुरू करण्याची आणि काही मिनिटे उशिरा थांबवण्याची सोय त्यात देण्यात आली. आपल्याकडच्या अनेक डब्यांतही ती आहे, पण मेन्यूच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर, इंग्रजीत. आम्ही पाहिलेल्या घरांपैकी एकाही घरात ती कुणी वापरत नव्हते, कारण ती आहे हेच माहीत नव्हते. सोय असून सापडत नसेल तर ती नसल्यातच जमा.

दुसरी गोष्ट डिस्क भरण्याची. रेकॉर्ड करताना डबा विचारतो की हा एकच भाग हवा की सगळी मालिका? ‘सगळी’ म्हटले की काही डबे सकाळचे आणि दुपारचे पुनःप्रक्षेपणही नवे समजून साठवतात. एकच भाग तीन तीन वेळा. दोन-तीन आठवड्यांत डिस्क तुडुंब भरते, मग जुने आपोआप पुसले जाते. पुसण्यापूर्वी विचारणा होतेच असे नाही, आणि झाली तरी ती सूचना पडद्यावर थोडा वेळ दिसते. त्या वेळी घरातली बाई तव्यापाशी असते.

रमजानमधला एक अनुभव सांगायलाच हवा, कारण तो कुठल्याही माहितीपुस्तकात सापडणार नाही. आपल्या बऱ्याच घरांत सेहरीच्या वेळी बातम्यांची वाहिनी लावून ठेवतात. बातम्या कुणी ऐकत नसते, कोपऱ्यातले घड्याळ पाहायचे असते. एका घरात दादींनी दूध उतू जाईल म्हणून उठताना थांबवायचे बटण दाबले. परत आल्यावर पुन्हा चालू केले. आता पडद्यावर जे दिसत होते ते नऊ-दहा मिनिटांपूर्वीचे होते, आणि अर्थातच कोपऱ्यातले घड्याळही तेवढेच मागे. डब्याने थेट प्रक्षेपणाच्या मागे असल्याची खूण दाखवली असेलही, पण ती काही सेकंदांत मावळते. नातवाची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली म्हणून रोजा वाचला. दादींना दिवसभर चुटपूट. “मी कशाला हात लावायला गेले?” पण त्यांनी केले ते अगदी बरोबर होते. थांबवायचे बटण थांबवण्यासाठीच दिले आहे. पडद्यावर दिसणारी वेळ शिळी आहे हे सतत दाखवत राहणे डब्याचे काम होते. हा डबा ज्यांनी बनवला त्यांच्या मनात क्रिकेटचा सामना पाहणारा एकटा तरुण असावा. पहाटे टीव्हीतले घड्याळ पाहून घास उचलणारे घर त्यांच्या डोळ्यांपुढे कधी आलेच नसेल.

त्यांच्या मनात कोकणातला पाऊसही नसावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छत्रीकडे उपग्रहावरून येणाऱ्या लहरी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि पावसाची जाड सर त्या लहरी शोषून घेते, विखुरते. टीव्ही पाहत असताना चित्र गेले तर आपल्याला कळते, आपण उठून भांडी घासायला घेतो. रेकॉर्डिंग करताना चित्र गेले तर काय? डब्यावरचा लाल दिवा तसाच जळत राहतो. यादीत कार्यक्रमाचे नाव येते, तारीख येते, तासाभराची लांबीही येते. उघडून पाहावे तर निम्मा वेळ काळोख. भारनियमनात तर याहून गंमत. वीज गेली तेव्हा डबा बंद, वीज आल्यावर तो जागा होऊन उपग्रह शोधून स्थिर होईपर्यंत काही मिनिटे जातात, आणि या सगळ्याचा कुठेही उल्लेख नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्याबरोबर डब्याची जोडणीही त्यावर घ्यावी, विजेचा खर्च फारसा वाढत नाही.

एका घरात वेगळाच घोळ निघाला. एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी पाहता येते असे विक्रेत्याने सांगितले होते, आणि प्रत्यक्षात रेकॉर्डिंग सुरू झाले की सासूबाईंची वाहिनी बदलून जायची. सून मुद्दाम करते असा सासूबाईंचा समज झाला होता. ते भांडण आमच्यासमोरच एकदा झाले. नंतर गच्चीवर जाऊन पाहिले तर छत्रीपासून डब्यापर्यंत एकच वायर आलेली. एकाच वेळी दोन वाहिन्या घेण्यासाठी अशा डब्याला दोन वायरी लागतात. बसवायला आलेल्या मुलाने एकच ओढली होती, वीस मीटर वायर वाचवली होती. आठ महिने त्या घरात एका वायरीवरून तोंडे फुगलेली होती.

रिमोटबद्दल काय सांगावे? रेकॉर्ड करायचे बटण लाल आणि छोटे, त्याच्या आसपास तशीच छोटी चार बटणे, सगळ्यांवर इंग्रजी अक्षरे. उर्दू आणि मराठी दोन्ही उत्तम वाचणाऱ्या दादी या रिमोटपुढे निरक्षर ठरतात. पुष्कळ घरांत मुलींनी रेकॉर्डच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, पुसायच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. हे उपाय पाहून आम्हाला त्या मुलींचे कौतुक वाटले आणि कंपनीच्या लोकांची कीव आली.

खरे तर रेकॉर्डिंग आपल्या घरांना नवे नाही. कुवेत, दुबई, दम्मामहून सुट्टीवर येणाऱ्यांनी १९८०च्या दशकात पेट्यांतून व्हीसीआर आणले, तेव्हापासून कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांना कॅसेट ठाऊक आहे. व्हीसीआरही सोपा नव्हता. त्याचे घड्याळ लावणे इतके किचकट होते की अमेरिकेतल्या घरांतही त्यावर बारा वाजल्याचे आकडे कायम लुकलुकत असत आणि त्यावरून विनोद होत. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात दारे, नळ, शेगडीची बटणे यांची उदाहरणे देऊन त्याने दाखवले की वस्तूची रचना सदोष असली तरी माणसे दोष स्वतःच्या डोक्याला देतात, आणि म्हणून तक्रारच होत नाही. रत्नागिरीतल्या त्या हळू आवाजाचे कारण १९८८ सालीच छापून आलेले आहे.

पण कॅसेटमध्ये एक गोष्ट फार चांगली होती. तिच्या कडेला प्लास्टिकचा छोटा तुकडा असे. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नसे. निकाहची, बिदाईची, हजहून परतलेल्या नानांच्या स्वागताची कॅसेट आली की घरातली कुणीही बाई, शाळेत न गेलेलीसुद्धा, नखाने तो तुकडा मोडून कॅसेट कपाटात ठेवून देई. शेजारच्या घरी पाहायला दिली तरी ती आपलीच राही. व्हीसीआर बिघडला तर दुसऱ्याच्या व्हीसीआरवर चाले.

नव्या डब्यात हे नाही, आणि याची किंमत आमच्या ओळखीच्या एका घराने मोजली. त्या घरातले वडील हापूसची कलमे बांधण्यात वाकबगार. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर शेतीच्या एका कार्यक्रमात त्यांची दहा-बारा मिनिटांची मुलाखत झाली. खुंट कसा निवडायचा, काडी कोणती घ्यायची, बांधणी किती घट्ट हवी हे ते त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात सांगत होते. ती मुलाखत डब्यात होती. पाहुणे आले की लावायची, वडील दुसऱ्या खोलीत निघून जायचे. पुढे वडिलांचा इंतकाल झाला. त्यानंतर चार महिन्यांनी डबा बंद पडला. तंत्रज्ञ आला, नवा डबा बसवून जुना घेऊन गेला. त्याच्या दृष्टीने काम झाले होते, तेही विनामूल्य. रेकॉर्डिंग? ते जुन्या डब्यातच राहिले. घरच्यांनी धावपळ केली तेव्हा कळले की या डिस्कवरचे चित्र त्या एका डब्याच्या किल्लीने कुलूपबंद केलेले असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी काही दिसत नाही. तोवर डबा कोल्हापूरला गेला होता.

मुलगा आम्हाला म्हणाला, “अब्बांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज तेवढाच होता.”

डबा कोणत्या कंपनीचा ते सांगण्यात हशील नाही. अशा डब्यांची पद्धतच तशी आहे. पण ‘डबा बदलला की सगळे जाते’ हे एक वाक्य मराठीत त्या डब्यावर चिकटवायला किती खर्च आला असता? ज्यांच्या डब्यात असे काही जपलेले आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर लगेच एक करावे. डब्याच्या मागे पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरींची जोडणी असते. ती जुन्या व्हीसीआरला किंवा डीव्हीडी रेकॉर्डरला जोडून, डब्यावर तो कार्यक्रम चालू करून, बाहेर उतरवून घेता येतो. घरच्या दूरदर्शन मुलाखतीसारखी गोष्ट असेल तर बहुधा अडचण येत नाही. जमत नसेल तर लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या दुकानदाराला घरी बोलवावे. डबा उचलून दुकानात नेला तरी साठवलेले दिसायला हवे, पण काही डबे छत्रीची जोडणी नसली की अडून बसतात.

जे नवा डबा घेणार आहेत त्यांनी बसवणाऱ्याला जाऊ देण्याआधी आपल्या डोळ्यांनी दोन वायरी मोजाव्यात. वर्गणी एखादा महिना भरली नाही तर आधी साठवलेले पाहता येते का, हे विचारावे. उत्तर प्रत्येक कंपनीत वेगळे मिळेल. आणि मेन्यूत भाषा बदलण्याची सोय आहे का, हे घरातल्या सर्वांत वडील बाईच्या हातात रिमोट देऊन तपासावे.

ज्या घरात आठ महिने एका वायरीवरून अबोला होता, तिथल्या सुनेने मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने वापरून एक नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. तारीख, वेळ, काय लावले होते, काय मिळाले, बाहेर पाऊस होता की नव्हता. सासूबाई सांगतात, ती लिहिते. मागच्या महिन्यात दुसरी वायर ओढायला तंत्रज्ञ आला, त्याने ती वही चाळली आणि साहेबांना दाखवतो म्हणून मागितली. सासूबाईंनी वही दिली नाही. नातवाला नाक्यावर पाठवून चौदा पानांची झेरॉक्स काढून आणली आणि ती दिली.