घरचा कारभार : आधी ब्रेक, मग इंजिन



मिक्सर, शिवणयंत्र, पाण्याचा पंप अशा घरातल्या यंत्रांची विचारपूस आपण या सदरात नेहमी करतो. या वेळचं पत्र जरा मोठ्या यंत्राबद्दल आहे. रोह्याजवळच्या वरसे गावाहून एक भगिनी लिहितात :

"आमच्याकडे १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. यजमान गेल्यापासून अकरा वर्षं ती घराशेजारच्या शेडमध्ये उभीच आहे. धाकटे दीर म्हणतात, भंगारात देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. मुलगा म्हणतो, गणपतीला येईन तेव्हा चालवायची. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, नवी बॅटरी लावू, दोन माणसं धक्का मारतील, गाडी सुरू होईल. मी याच गाडीवर चालवायला शिकले. द्यावीशी वाटत नाही, पण उगाच पैसा ओतायची ऐपतही नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई, पहिलं उत्तर एका वाक्यात देते : कोणालाही धक्का मारू देऊ नका. अकरा वर्षांत सिलिंडरमधलं तेल सुकलेलं असतं, आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेनं आत गंज धरलेला असू शकतो. अशा इंजिनाला जबरदस्तीनं फिरवलं की पिस्टनच्या रिंगा तुटतात, सिलिंडरला चरे पडतात. चारशे-पाचशे रुपयांच्या तेलानं जे काम झालं असतं, ते इंजिन उतरवण्यावर जातं. आणि समजा, धक्क्यानं सुरू झालीच, तर थांबवणार कशी? ब्रेकही अकरा वर्षं तसेच पडून आहेत. म्हणून उभ्या गाडीच्या कामाचा क्रम असा ठेवा : आधी तपासणी, मग ब्रेक, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

तुमच्या बाजूनं एक चांगली गोष्ट आहे. ही गाडी अनोळखी नाही. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट या नावानं निघत होती. सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरपर्यंत धावत होती. त्यामुळे तिचं इंजिन डोळे मिटून उघडणारे जुने मिस्त्री अजून सापडतात, आणि सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधले तर मिळतात. इंजिन साधं आहे, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत.

आधी बघा, मग हात लावा

शेडमध्ये जाताना बॅटरी आणि लांब काठी घेऊन जा. बॉनेट उघडल्यावर लगेच आत हात घालू नका. उभ्या गाडीत उंदीर घरटं करतात, आणि उंदरांमागे साप येतात. आपल्या भागात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. सीटखाली, डिकीत, एअर क्लीनरच्या डब्यात आधी काठीनं हलवून बघा. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर त्या नीट केल्याशिवाय बॅटरी जोडू देऊ नका. तारेला तार लागून आग लागते.

मग पत्रा बघा. माझ्या मते ठेवायची की विकायची, हे इथेच ठरतं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. खालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि सांगाडा हेच तिचं बळ. आतले गालिचे उचला. पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, स्टेपनीचा खड्डा अशा ठिकाणी जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दाबून बघा. टणक लागला तर वरवरचा गंज आहे. टोक आत गेलं तर पत्रा सडलेला आहे. एखाद-दुसऱ्या ठिकाणी तुकडा जोडता येतो. पण चारी बाजूंनी चाळण झाली असेल तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी त्या गाडीवर पैसा घालू नका.

गाडी वर उचलायची वेळ आली तर आणखी एक काळजी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. आणि टेकू म्हणून अंगणातला जांभ्याचा चिरा किंवा विटा लावू नयेत. जांभा वजनाखाली अचानक फुटतो. लोखंडी स्टँड मागवा, नाहीतर सागाचे भक्कम ओंडके लावा, आणि जमिनीवरच्या चाकांना पाचर द्या.

ब्रेकवर काटकसर नको

हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेकचे पट्टे ड्रमला चिकटलेले असणार. गाडी ओढून ते सोडवायचा प्रयत्न करू नका. चाक काढून ड्रम उघडायला सांगा. पेडलचा दाब चारही चाकांपर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइल पावसाळ्यातल्या मिठासारखं असतं, हवेतलं पाणी ओढून घेतं. त्या पाण्यानं सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी वॉशर फुगतात किंवा चिरतात. जुन्या गाड्यांत एका ठिकाणी गळती झाली तरी पेडल सरळ खाली जाऊ शकतं.

म्हणून मिस्त्रीला स्पष्ट सांगा : मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडायचे, सगळे रबर नवे घालायचे, रबरी होज पाइप नवे घालायचे, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं आणि हवा काढायची. ब्रेकमध्ये इंजिन ऑइलचा एक थेंबही जाता कामा नये. रबर लगेच खराब होतं. "वरून थोडं ऑइल टाकतो, चालेल," असं म्हणणाऱ्याला चहा द्या आणि नमस्कार करा.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका. टायर न चालताही म्हातारा होतो. बाजूवर चार आकडे असतात : ३२१३ म्हणजे २०१३ सालचा ३२ वा आठवडा. बाजूला बारीक भेगा असतील किंवा वय दहा वर्षांच्या पुढे असेल, तर पाचही टायर बदलायचा खर्च धरूनच चाला.

आता इंजिन

चारही प्लग काढायला सांगा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून दोन दिवस मुरू द्यायचं. मग प्लग बाहेरच ठेवून पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं हळूच फिरवून बघायचं. सहज फिरलं तर तुमचं नशीब. नाही फिरलं तर पुन्हा तेल आणि आणखी काही दिवस. लांब पाइप लावून जोर करायचा नाही. तरीही हललं नाही, तर हेड उतरवावं लागेल. तो खर्च आधी लिहून घ्या, मग हो म्हणा.

इंजिन फिरतंय असं दिसलं की जुनं इंजिन ऑइल आणि रेडिएटरमधलं पाणी बदलायचं. पाण्याचे होज आणि फॅन बेल्ट बोटानं दाबून बघा. कडक किंवा चिरलेले असतील तर नवे घाला.

टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर काढायचं. त्याला वॉर्निशसारखा वास येतो आणि ते कार्बोरेटरच्या बारीक भोकांत राळेसारखं चिकटतं. हे काम उघड्या जागी, चुलीपासून, देवाच्या दिव्यापासून लांब व्हायला हवं. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. गॅरेजवाल्याला घेऊन जाऊ द्या. टाकी धुवायची, कार्बोरेटर उघडून साफ करायचा, पेट्रोल पंपातला डायफ्रॅम नवा घालायचा.

हल्लीच्या पेट्रोलबद्दलही एक सांगते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८२ ची गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणी ओढून घेतं. म्हणून पेट्रोलचे होज नवे, इथेनॉल चालणारे घ्या, आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

एवढं झाल्यावर नवी बॅटरी, साफ केलेले पॉइंट आणि प्लग. पहिल्यांदा सुरू करताना गाडी शेडबाहेर काढा. बंद जागेतला धूर जीव घेतो. जवळ आग विझवायचं नळकांडं असू द्या. सुरू झाल्यावर सगळ्यांचं लक्ष आवाजाकडे असतं, तुम्ही तेलाच्या लाल दिव्याकडे बघा. काही सेकंदांत तो विझला नाही तर लगेच बंद करायला सांगा. मग अंगणातच माणसाच्या चालीनं पुढे-मागे करत ब्रेक दाबून बघा. पेडल दरवेळी एकाच उंचीवर, घट्ट लागलं पाहिजे.

कागद कुठे आहेत?

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. तुमच्या गाडीची मुदत बहुधा संपलेली असेल. शिवाय गाडी यजमानांच्या नावावर असेल तर आधी ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आरसी पुस्तक, तुमची ओळखपत्रं जमवा. रायगडचं परिवहन कार्यालय पेणला आहे. तिथे उशिराचा दंड, हरित कर आणि तपासणीचा खर्च विचारून कागदावर लिहून आणा. हा आकडा हातात आल्याशिवाय मिस्त्रीला पूर्ण कामाचा होकार देऊ नका. नोंदणी आणि विमा नसताना "जवळच तर जायचंय" म्हणून मुलाला गाडी रस्त्यावर काढू देऊ नका. कोलाडला पोचलं की मुंबई-गोवा महामार्ग आहे. तिथे काही झालं तर समोरच्याची भरपाई तुमच्या घरातून जाईल. तपासणीला न्यायची तर टेम्पोवर चढवून न्या.

कोणाकडे त्याहून जुनी, पुढची दारं उलटी उघडणारी 'डुक्कर फियाट' असेल आणि ती मूळ रूपात असेल, तर ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे. तिचं शुल्क २०,००० रुपये ठरलं होतं आणि मुदत दहा वर्षांची. पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. पद्मिनीला अजून तेवढं वय नाही.

आणि शेवटी विकायचंच ठरलं, तरी दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी गेली तरी ती कागदावर तुमच्याच घरची राहते.

मिस्त्री आणि वही

कामाला सुरुवात करताना एक वही घाला. पत्रा, ब्रेक, टायर, इंजिन, पेट्रोल, वायरिंग, कागद अशी सात पानं. प्रत्येक पानावर आधी अंदाज, मग झालेला खर्च. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागा. भांड्याला कल्हई करून घेताना आपण भांडं उलटसुलट करून बघतोच ना? तसंच हे. "बाईमाणसाला काय कळतंय" असं वाटणारा मिस्त्री जुना वॉशर मागितला की सावध होतो. चांगला मिस्त्री मात्र खूश होऊन तो चिरलेला वॉशर तुम्हाला दाखवेल.

पत्रा टणक असेल आणि पेणहून आणलेला आकडा झेपणारा असेल, तर गाडी ठेवा. पण गणपतीची तारीख मिस्त्रीच्या डोक्यावर ठेवू नका. घाईत नेमकं ब्रेकचंच काम अर्धवट राहतं. यंदा गणपतीला गाडी अंगणात धुऊन उभी राहिली आणि दिवाळीला रस्त्यावर आली, तरी काही बिघडत नाही. मुलाला सांगा, आलास की आधी टाकी धुवायला बस.

गाडी चालू झाल्यावर दर आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. नुसतं जागच्या जागी इंजिन सुरू ठेवून उपयोग नाही. चाकं, ब्रेक, गिअर सगळंच फिरायला हवं. पावसाळ्यात उभी ठेवायची तर हँडब्रेक सोडून चाकांना पाचर लावा, बॅटरीची एक तार काढा, काचा बोटभर उघड्या ठेवा आणि खाली ओली माती असू देऊ नका, कोबा करून घ्या. अंगाला घट्ट बसणारं प्लास्टिक कधीही घालू नका. आत घाम धरतो आणि पत्रा सडतो. सुती आच्छादन बरं. आणि हे सगळं मुलाच्या सुट्टीवर सोडू नका. तुम्हाला चालवता येतं. परवाना अजून चालू आहे ना, तेवढं आजच बघून ठेवा.