घर राखावें कीं मूल?

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण घरांतील मारहाणीलाही लावीत आलों. अमेरिकेंतही पूर्वीं फारसें निराळें नव्हतें. रिचर्ड गेलिस या तरुण समाजशास्त्रज्ञांनीं न्यू हँपशायरमधील ८० कुटुंबांकडे चौकशी केली आणि १९७४ सालीं ‘द व्हायोलंट होम’ हा ग्रंथ लिहिला. हात उगारणारा मनुष्य विकृतच असावयाचा, ही समजूत त्यांनीं खोडून काढिली. चारचौघांसारख्या गृहस्थाच्या घरींही हें चालतें. (वाचकांनीं ओळखीचीं घरें मनांत आणावीं, नांवें घेण्याचें कारण नाहीं.)

पुढें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील समाजकार्याच्या विद्यालयाचे ते अधिष्ठाते झाले. पण मला त्यांचें मोठेपण दुसऱ्याच गोष्टींत दिसतें. संसाराला मदत केली कीं आईबाप सुधारतात, मूल घरापासून तोडूं नये, असें ते कैक वर्षें मानीत. डेव्हिड नांवाचें तान्हें मूल मात्र जन्मदात्या आईच्याच हातून मेलें, आणि तेंही बालरक्षण खात्याला तें घर ठाऊक असतां. गेलिस यांनीं आपलें मत बदललें व १९९६ सालीं तें ग्रंथरूपानें उघड मांडलें. १९९७ च्या कायद्याच्या घडणींतही त्यांचा हात होता. मूल २२ महिन्यांपैकीं १५ महिने सरकारी व्यवस्थेनें परक्या घरीं राहिलें, तर आईबापांचा हक्क काढून घेण्यासाठीं, कांहीं अपवाद सोडून, सरकारनें न्यायालयांत जावें, असें त्यांत आहे.

यामुळें गरिबांचे, विशेषतः कृष्णवर्णीयांचे, संसार मोडतात, अशी टीका झाली. ती पोकळ नाहीं. गेलिस २०२० सालीं वारले. ज्या मुलाला अजून बोलतांही येत नाहीं, त्याची बाजू कोणी मांडावयाची, हें मात्र टीकाकारांनाही नीट सांगतां आलेलें नाहीं.