संघाचा प्रशिक्षक कोण असावा?

आपला संघ हरला की त्या रात्री प्रत्येक रसिक निवड समितीचा सभासद होतो. कोणाला वगळावे, कोणाला घ्यावे आणि मुख्य म्हणजे नवा प्रशिक्षक कोण आणावा, यांवर ज्याचे त्याचे मत तयार असते. आमचे चौक गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वसलेले आहे. येथील नाक्यावर काय, कर्जतच्या स्थानकावर काय किंवा खोपोलीच्या बाजारात काय, चार माणसे जमली की हा वाद रंगतो. आणि वाद ऐन भरात आला म्हणजे हातातला चहा निवून गेला तरी कोणाला भान राहत नाही.

मुलांनो, हा वाद वाईट मुळीच नाही. ज्या संघाबद्दल कोणी भांडत नाही, त्या संघावर कोणाचे प्रेमही नाही, असे खुशाल समजावे. मात्र मला असे वाटते की, हा वाद आपण बहुधा उलट्या टोकाकडून सुरू करतो. आपण आधी नाव उच्चारतो आणि मग त्या नावाला शोभतील अशी कारणे गोळा करतो. आधी काम नीट समजून घ्यावे आणि मग त्या कामाला योग्य असा माणूस शोधावा, हा सरळ मार्ग आपल्याला सुचत नाही.

याचे एक बोलके उदाहरण २०२५ साली घडले. भारताच्या पुरुष फुटबॉल संघाची त्या वेळी दशा फार बिकट झाली होती. स्पेनचे मानोलो मार्केझ हे संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या कारकिर्दीतील आठ सामन्यांपैकी एकच सामना भारताने जिंकला. शिवाय ते एफसी गोवा या क्लबाचेही प्रशिक्षक होते. त्यामुळे एका माणसाने दोन ओझी एकदम वाहावीत काय, असा प्रश्न लोक विचारू लागले. जुलै महिन्यात ते पायउतार झाले आणि नव्या प्रशिक्षकाचा शोध सुरू झाला.

या जागेसाठी १७० अर्ज आले. त्यांत झावी आणि पेप गार्डिओला या जगप्रसिद्ध नावांचेही अर्ज असल्याची वार्ता पसरली. झावी म्हणजे २०१० साली विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातील थोर खेळाडू. मग काय विचारता! देशभरचे रसिक हरखून गेले. एवढा मोठा माणूस दारी चालून आला असता त्याला नकार कसा द्यावा, यावर हिरीरीने चर्चा झडू लागली. पण लवकरच भारतीय फुटबॉल महासंघाने सांगितले की, हे अर्ज खरे नव्हेत. कोणीतरी थट्टेने ते पाठविले होते. हजारो लोक ज्या नावावर तावातावाने बोलत होते, त्या नावामागे माणूसच नव्हता! नुसत्या नावाच्या मोहाने आपण किती वाहवत जातो, याचा याहून चांगला दाखला कोठे मिळणार?

खरी निवड तिघांमधून व्हायची होती. पहिले खालिद जमील. हे मुंबईच्या मैदानांवर खेळलेले गृहस्थ. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा मुंबईच्या संघांतून ते खेळले आणि पुढे मुंबई एफसी या संघाचे बरीच वर्षे प्रशिक्षक होते. त्यांची खरी कीर्ती मात्र दूर मिझोराममध्ये झाली. ऐझॉल एफसी या छोट्या क्लबाला त्यांनी २०१६-१७ च्या हंगामात आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. दुसरे इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन. त्यांनी पूर्वी दोन वेळा भारताचे प्रशिक्षकपद सांभाळले होते आणि २०१९ च्या आशियाई चषकापर्यंत आपला संघ नेला होता. तिसरे स्लोव्हाकियाचे स्टीफन तारकोविच. ते आपल्या देशाचा संघ घेऊन युरोपच्या मोठ्या स्पर्धेत उतरले होते.

लगेच रसिकांचे तीन तट पडले. 'आपला माणूस हवा', असे एक म्हणे. 'अनुभवी माणूस हवा', असे दुसरा म्हणे. 'युरोपातले ज्ञान हवे', असा तिसऱ्याचा आग्रह. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. पण 'या माणसाने नेमके काय करायचे आहे?' हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आता आपण तो प्रश्न विचारून पाहू. क्लबाच्या प्रशिक्षकाला आपले खेळाडू रोज सकाळी मैदानावर भेटतात. कोणाचा डावा पाय कच्चा आहे, कोण दमला आहे, कोणाचे मन खेळात नाही, हे त्याला जवळून दिसते. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचे तसे नसते. त्याचे खेळाडू निरनिराळ्या क्लबांत विखुरलेले असतात. सामन्यांपूर्वी ते थोडे दिवस एकत्र येतात आणि सामने संपताच पांगतात. तेवढ्या अवधीत नवे शिकविण्यास वेळ कोठून मिळणार? तेव्हा देशात कोठे कोण कसा खेळतो, हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला हे काम सोपे जाते. त्यातही २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचे महत्त्वाचे सामने तोंडावर आले होते. अशा वेळी वर्षानुवर्षे भारतीय क्लबांतच वावरलेल्या जमील यांची निवड मला योग्य वाटते. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची नेमणूक जाहीर झाली. ते भारतीय आहेत म्हणून नव्हे, तर त्या वेळच्या कामाला लागणारे ज्ञान त्यांच्यापाशी होते म्हणून मी ही निवड योग्य म्हणतो. हा भेद तुम्ही नीट लक्षात घ्या.

कारण 'आपला' आणि 'परका' या फूटपट्टीने मोजू लागलो, तर आपली मोजणी हमखास चुकते. क्रिकेटचेच पाहा. २००५ साली ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपेल भारताचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून ते फार मोठे. परंतु २००७ च्या विश्वचषकात आपला संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यानंतर आलेले दक्षिण आफ्रिकेचे गॅरी कर्स्टन हेही परदेशीच. पण त्यांच्या मार्गदर्शनाखाली २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. दोघेही परके, तरी फळ निरनिराळे. तेव्हा जन्मभूमी पाहून प्रशिक्षकाची पारख होत नाही.

'जो मोठा खेळाडू, तोच मोठा प्रशिक्षक', असाही अनेकांचा समज असतो. तोही तपासून पाहिला पाहिजे. ज्याला एखादी गोष्ट जन्मजातच साधते, त्याला ती दुसऱ्याला कशी शिकवावी हे कळेलच असे नाही. उलट ज्याने धडपडून, अडखळून एकेक पायरी चढलेली असते, त्याला शिकणाऱ्याची अडचण चटकन उमगते. मुंबईचे अमोल मुझुमदार यांनी १९९४ साली रणजी करंडकाच्या पदार्पणाच्या सामन्यातच २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांनी अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या. तरी भारताकडून खेळण्याचे भाग्य त्यांना एकदाही लाभले नाही. २०२३ साली ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात हा संघ ओळीने तीन सामने हरला. तेव्हा टीकेचा भडिमार झाला. पुढे याच संघाने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरविले आणि २ नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळवून विश्वचषक पटकावला. हा अंतिम सामना आपल्यापासून फार दूर नव्हे, पनवेलच्या पलीकडे नेरूळच्या मैदानावर झाला.

याहून जुने उदाहरण सय्यद अब्दुल रहीम यांचे. ते मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. भारताच्या संघाकडून ते कधीच खेळले नव्हते. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकली. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. खेळाडूंचा कच्चा पाय तयार व्हावा म्हणून ते केवळ त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा घेत. १९६२ साली जाकार्ता येथे जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला घरी न पाठविता आघाडीला खेळविले, आणि अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव झाला. रहीम स्वतः तेव्हा दुर्धर रोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. कोणता माणूस कोठे उपयोगी पडेल हे ओळखणे, हीच प्रशिक्षकाची खरी विद्या होय.

आता कोणी म्हणेल, 'जमील यांची निवड योग्य होती, तर मग आपण आशियाई चषकाला का मुकलो?' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. जमील यांच्या हाताखाली संघाने सप्टेंबर महिन्यात मध्य आशियातील एका स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळविले. तेव्हा रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. १४ ऑक्टोबर रोजी गोव्यात सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरविले आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. त्याबरोबर बोलणाऱ्यांची भाषा पालटली. मुलांनो, पाच आठवड्यांपूर्वी ज्याला शहाणा म्हटले, तो एका सामन्याने मूर्ख कसा ठरेल? शिवाय त्याच पात्रता फेरीत बांगलादेशाशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार, हे दोन्ही घाव संघाने जमील येण्यापूर्वीच सोसले होते. त्या वर्षी देशातील प्रमुख लीगही वेळेवर सुरू झाली नाही. खेळाडूंना पुरेसे सामनेच मिळाले नाहीत. शेत नांगरले नाही, बी पेरले नाही, आणि पीक आले नाही म्हणून राखणदाराला दोष द्यावा, त्यातला हा प्रकार.

याचा अर्थ प्रशिक्षकाला जाब विचारू नये, असा मात्र नाही. त्याने कोणाला निवडले, कोणता डाव आखला, कोणाला केव्हा उतरविले, हे सारे त्याच्या हातचे आहे. त्याबद्दल त्याला अवश्य विचारावे. जे त्याच्या हातचे नाही, त्याचे माप त्याच्या पदरात घालू नये. टीका त्याच्या कामावर असावी. त्याच्या धर्मावर, भाषेवर किंवा घरच्या माणसांवर ती घसरली, की ती टीका राहत नाही, ती शिवीगाळ होते. तिने संघाचा एकही गोल वाढत नाही.

हा विचार मी तुम्हांला का सांगतो आहे? भारताचा प्रशिक्षक निवडण्यासाठी तुम्हांला कोणी बोलाविणार नाही, हे खरे. पण आपल्या रायगड जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे संघ आहेत. शाळेत कधी ना कधी संघाचा कर्णधार निवडावयाचा असतो, लहानांना शिकवील असा दादा किंवा ताई शोधावयाची असते. तेथे आपण काय करतो? 'हा आमच्या आळीचा', 'तो आमच्या नात्यातला', 'याच्या अंगावर भारी बूट आहेत', असे म्हणून हात वर करतो. दूरच्या वाडीवरून पायी येणारी एखादी मुलगी किंवा मुलगा सगळ्यांना धीर देत असेल, चढाई करणाऱ्याचा पाय कोठे चुकला हे शांतपणे समजावून सांगत असेल. तरी त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यात त्या मुलाचे नुकसान होतेच, पण संघाचे अधिक होते.

म्हणून नाव सुचविण्यापूर्वी मनाशी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. आज आपल्या संघाला कशाची उणीव आहे? ती भरून काढण्याचे काम या माणसाने पूर्वी कोठे केले आहे काय? आणि त्याला ते करण्यास लागणारा वेळ व साधने द्यायला आपण तयार आहोत काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या माणसाची पारख करतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपली स्वतःची पारख करते. आपण निवडलेल्या माणसाच्या पाठीशी पहिल्या पराभवानंतरही जो उभा राहतो, त्यालाच पुढच्या वेळी 'प्रशिक्षक कोण असावा' हे सांगण्याचा खरा अधिकार पोहोचतो.