मोडीचा भाव

भोरहून महाडकडे निघालेला रस्ता नीरा देवघरच्या पाण्याला वळसा घालत हिर्डोशी खोऱ्यातून वरंधा घाटाकडे चढतो. पावसाळ्यात इथे लाईट गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून या मावळात घराघरांत दाराआड खिळ्याला एक बॅटरी टांगलेली असायची. बॅटरी म्हणजे हातातली विजेरी. तिचा उजेड पिवळा पडला की आतले मोठे सेल कुणी लगेच फेकत नसे. ते आधी उन्हात ठेवायचे, थोडी धुगधुगी आली की रेडिओत घालायचे. पुढे पेन्सिल सेल आले, तेव्हा रिमोटमधून उतरलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात जाऊ लागला. काटा ढकलण्यापुरती ताकद त्यात महिनोन्‌महिने शिल्लक असे. अगदीच मेलेला सेल पोरे फोडत आणि आतल्या काळ्या कांडीने जमिनीवर रेघा मारत.

याला कुणी अर्थशास्त्र म्हटले नाही, पण ते अर्थशास्त्रच होते. ताकद उतरली की काम उतरते द्यायचे, हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम भांड्यांच्या बाजारात होता. पितळेचे पातेले फुटले की कासाराकडे मोड म्हणून तराजूत पडे आणि तिची किंमत नव्या भांड्यातून वजा होई. आज ‘मोडीत काढणे’ म्हणजे टाकून देणे असे आपण समजतो. मूळ व्यवहारात मोडीला भाव होता, म्हणूनच तांब्यापितळेचा तुकडा उकिरड्यावर दिसत नसे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्या आता उतरणीला लागत आहेत. चाकणला तयार झालेली विजेवरची चेतक 2020 च्या जानेवारीत बाजारात आली. त्या पहिल्या गाड्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या असंख्य गाड्यांच्या बॅटऱ्या थकतील तेव्हा त्यांचे काय करायचे, याचे उत्तर वरच्या दोन नियमांतच आहे. ते आपण कुठे पाळले आणि कुठे मोडले, हे पाहायला हवे.

शिशाच्या बॅटरीचा इतिहास मोठा आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने 1859 साली ती बनवली आणि आजही ट्रॅक्टर आणि जीप तिच्यावरच सुरू होतात, बहुतेक इन्व्हर्टर तिच्यावरच चालतात. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते. ते 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि कितीही वेळा शुद्ध केले तरी त्याचा गुण कमी होत नाही. म्हणूनच जगात दरवर्षी तयार होणाऱ्या शिशापैकी निम्म्याहून जास्त शिसे आज खाणीतून न येता भंगारातून येते. भोरच्या दुकानात नवी बॅटरी घ्यायला गेलेला शेतकरी जुनी सोबत नेतो, कारण ती दिली की बिलातून रक्कम कमी होते. इथे मोडीचा भाव जिवंत आहे आणि बॅटरी आपल्या पायांनी परत येते.

पण हा भाव कुणाच्या जिवावर मिळतो, हेही सांगितले पाहिजे. परवानाधारक कारखान्याला धूर गाळावा लागतो, आम्ल निष्प्रभ करावे लागते, कामगारांच्या रक्तातले शिसे तपासावे लागते. गावाबाहेरच्या चोरट्या भट्टीला यातले काहीच करावे लागत नाही. आम्ल ओढ्यात, धूर हवेत, राख शेतात. तिचा खर्च कमी, म्हणून ती भंगाराला दोन रुपये जास्त देऊ शकते, आणि माल तिकडेच वळतो. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर इथे याच व्यवसायाच्या विषाने नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात 18 लहान मुले दगावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 च्या अहवालाने भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीएवढे किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला. त्याला कारणे अनेक आहेत, पण बॅटरी फोडण्याचा उघड्यावरचा धंदा हे त्यातले मोठे कारण आहे. भट्टीने वाचवलेले ते दोन रुपये लेकरांच्या मेंदूतून वसूल होतात.

2001 च्या नियमांनी विक्रेत्यांवर जुन्या शिशाच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकली. तिसऱ्या वर्षापासून 90 टक्के परत घ्यायच्या होत्या. नियम चांगला होता. मात्र हिशेब कागदावर जुळवला गेला आणि भट्ट्या पेटत राहिल्या. भाव चोरट्याच्या बाजूने असेल तर नुसत्या नियमाने माल फिरत नाही, हा पुढच्या दोन दशकांचा धडा आहे.

लिथियमची गोष्ट उलटी आहे. शिशाला भाव आहे पण शिस्त नाही. इथे भावच भरवशाचा नाही. सोनीने 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. जुनी बॅटरी दळून जी काळी भुकटी मिळते, तिची किंमत मुख्यतः कोबाल्ट आणि निकेलवर ठरते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आता लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्या सुरक्षित आणि स्वस्त आहेत, पण त्यांत कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. उरते लिथियम. त्याचा भाव 2022 च्या अखेरीस चीनच्या बाजारात टनाला सहा लाख युआनच्या आसपास पोहोचला होता. 2024 च्या सुरुवातीला तो लाखाच्या घरात आला. चढ्या भावावर उभारलेल्या कारखान्याने उतरत्या भावात काय करावे?

भोरच्या या हिरडस मावळाला हे नवे नाही. ज्या हिरड्यावरून या मुलुखाला नाव पडल्याचे सांगतात, त्याचेही असेच आहे. भाव असला की माणसे रान पालथे घालतात, पडला की हिरडा झाडाखालीच राहतो. फरक एवढाच की हिरडा कुजला तर त्याची माती होते. बॅटरी फुटली तर मातीच जाते. म्हणून लिथियमच्या बॅटरीचे परत येणे बाजाराच्या चढउतारावर सोडता येणार नाही.

या खोऱ्याला वीज साठवण्याची किंमत चांगली ठाऊक आहे. पाणी उंचावर अडवणे म्हणजे वीज साठवणेच. पुणे जिल्ह्यातल्याच मुळशीत टाटांच्या वीजधरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली. पुढे सिंचनासाठी नीरा देवघर झाले. पावणेबारा टीएमसी पाण्याखाली हिर्डोशी खोऱ्यातली भातखाचरे गेली, पाणी मात्र पूर्वेकडच्या शिवारांसाठी. आता सूर्य आणि वाऱ्याची वीज साठवण्यासाठी सह्याद्रीत पुन्हा पाणी वर चढवण्याचे प्रकल्प येत आहेत. शिरवटा आणि भिवपुरी इथल्या 2800 मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात ऑगस्ट 2023 मध्ये करार झाला. साठवण लागणार, याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक नव्या साठवणीसाठी कुठले तरी खोरे किंवा कुठली तरी खाण द्यावी लागते. असे असताना आधीच तयार असलेली साठवण अर्धी वापरून फेकणे हा नुसता तोटा नाही, तो अन्याय आहे.

कारण गाडीतून उतरलेली बॅटरी मेलेली नसते. ताकद सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आली की ती गाडीला पुरत नाही, घराला पुरते. हिशेब साधा आहे. तीन युनिट साठवणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीत तीनचतुर्थांश ताकद उरली, तर सव्वादोन युनिट होतात. पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून पावणेदोन धरू. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास लावले आणि दोन मोबाईल भरले, तर एका रात्रीला पाव युनिटही लागत नाही. म्हणजे लाईट गेलेले हिर्डोशीतले घर या ‘टाकाऊ’ बॅटरीवर आठवडाभर उजेडात राहील. वाडीवस्तीवरच्या ज्या सौरदिव्यांचे पॅनेल शाबूत आणि बॅटरी गेलेली असते, तेही अशा बॅटरीवर पुन्हा लागू शकतात. बंगळुरूच्या नुनम संस्थेने 2022 साली ऑडीच्या चाचणी-गाड्यांमधल्या बॅटऱ्या ई-रिक्षांना बसवून दाखवल्या. रिमोटमधला सेल घड्याळात घालण्याचीच ही मोठी आवृत्ती.

मग हे सर्रास का होत नाही? नवी बॅटरी झपाट्याने स्वस्त होत आहे. 2010 मध्ये एका युनिटच्या साठवणीला हजार डॉलरहून जास्त पडत. 2024 मध्ये जगाची सरासरी 115 डॉलर होती. जुनी बॅटरी उघडणे, एकेक सेल तपासणे, कमजोर सेल वेगळे करून पुन्हा जोडणे यात हात आणि वेळ लागतो. त्यात बॅटरी डिंकाने चिकटवलेली, वेल्डिंगने बंद केलेली आणि सॉफ्टवेअरने कुलूपबंद. आत काय आहे हे कारागिराला कळत नाही, म्हणून तपासणीचा खर्च बॅटरीच्या उरलेल्या किमतीहून वर जातो.

ऑगस्ट 2022 मध्ये देशात बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली. 2027-28 पासून विजेवरच्या वाहनांच्या नव्या बॅटऱ्यांत किमान 5 टक्के माल पुनर्वापरातून आलेला हवा, 2030-31 पर्यंत 20 टक्के. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी 1500 कोटींची योजना मंजूर केली. दिशा योग्य आहे. पण पैसा कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला तर खोऱ्यातली बॅटरी तिथवर पोहोचणार कशी?

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, अनामत. 2022 च्या नियमांत ती घेण्याची मुभा आहे, तिची सक्ती करा. गाडी विकताना ठरावीक रक्कम घ्यावी आणि बॅटरी परत आली की ती आणणाऱ्याच्या हातात रोख द्यावी. मग लिथियमचा भाव चढो वा उतरो, मोडीचा भाव कायम राहील. दुसरी, बॅटरी उघडता येईल अशी बनवण्याचे आणि तिची माहिती खुली करण्याचे बंधन. त्यावर तालुक्याच्या गावी तपासणी आणि जोडणीची केंद्रे निघतील, आयटीआय शिकलेल्या पोरांना काम मिळेल. तिसरी, भंगारवाल्याला चोर न समजता भागीदार करणे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ संस्था झाली आणि कचरावेचक बायांना ओळखपत्र, हातमोजे आणि हक्काचे काम मिळाले. तोच मार्ग बॅटरी गोळा करणाऱ्यांसाठी खुला आहे.

जुन्या बॅटरीचे शेवटी काय होणार, हे ती घराच्या उंबऱ्यावर असतानाच ठरते. तिथे तिला रास्त दाम मिळाला तर ती दुकानात जाईल, नाही मिळाला तर नीरेच्या ओढ्यात. तो दाम ठरवणे सरकारच्या हातात आहे, आणि पहिल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरायच्या आत तो ठरला पाहिजे.